पंखवाली मर्सिडीज आणि एक लग्नसराई

८ जानेवारी २०००, शनिवार

विमा एजंटाकडून मिळणारी डायरी दरवर्षी बायकोच्या, म्हणजे ताराच्या, लोणच्या-मसाल्यांच्या कृतींसाठी जाते. या वर्षीची मी ठेवून घेतली. कारण तसंच आहे. आज दुपारी साडेतीनपासून मी मर्सिडीजचा मालक आहे.

हिंगोलीच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत मी सत्तावीस वर्षं मुनीम होतो ती दिवाळीपासून बंद आहे. आज हैदराबादहून धाकटे शेठ यंत्रं विकायला आले होते. मागच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांआड, मोठ्या शेठजींची गाडी उभी आहे. मर्सिडीज १९० डी, सन १९६४, थेट जर्मनीहून आलेली. १९८३ पासून ती जागची हललेली नाही, पण तिचा विमा आणि टॅक्स मी एकाही वर्षी चुकवला नाही. धाकट्या शेठना ती भंगारात घालायची होती. मी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सतरा वर्षांच्या पावत्या एकेक करून पाहिल्या आणि हसत सुटले. मग म्हणाले, मुनीमजी, आमच्या वडिलांनीसुद्धा हिच्यावर एवढी माया केली नव्हती, तुम्हीच घेऊन जा. लगेच सहीसुद्धा केली. वर, फॅक्टरीचं आवार विकलं जाईपर्यंत गाडी तिथेच ठेवा, म्हणाले.

घरी येऊन ताराला सांगितलं. तिने विचारलं, ती चालते का. मी म्हणालो, अजून नाही. तिने भाजीला फोडणी घातली.

पण तिने अजून ते पंख पाहिलेले नाहीत. गाडीच्या मागच्या दोन्ही कडा वर उठून माशाच्या शेपटीसारख्या टोकदार झाल्या आहेत. तरुणपणी मी हिशेबाच्या खोलीतून ते पंख फाटकाबाहेर जाताना बघायचो आणि आकडे चुकायचो.

१२ जानेवारी, बुधवार

गाडी ट्रकच्या मागे दोर बांधून कनेरगाव नाक्याला नेली. वाशीम रस्त्यावर तिथे ढाब्यांच्या रांगेत रतनसिंग राठोडचं गॅरेज आहे. डिझेल इंजिनात या भागात त्याचा हात धरणारा कोणी नाही. विहिरीवरची इंजिनं, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं त्याच्याकडे येतं. साठीचा माणूस, जवळच्याच तांड्यावर राहतो. बायको भिकाबाई गॅरेजच्या दारातच चहाचं दुकान चालवते.

गाडीच्या नाकावरचा तारा त्याने अंगठ्याने चाचपला. म्हणाला, त्याने पहिल्यांदा चालवला त्या टाटा-मर्सिडीजच्या ट्रकवर हाच तारा होता. मग बॉनेट उघडून आत दोन्ही हात घातले आणि डोळे मिटून उभा राहिला. वैद्य नाडी बघतो तसा. मी अदबीने मागे सरकलो.

"मुनीमजी, इंजन मेलं न्हाई," तो म्हणाला. "झोपून राहिलं. उठवू."

३० जानेवारी, रविवार

तीन रविवार झाले, मी नाक्याला जातोय. रतनसिंगचं काम बघणं हा एक अनुभव आहे. तो नट डोळ्यांनी बघतच नाही, बोटांनी ओळखतो. कुठला पाना हवा ते भिकाबाईला सांगतो आणि ती चहा सोडून तो त्याच्या हातात ठेवते. पंपातून डिझेल गळतंय का ते तो वासावरून सांगतो. आज एक बारीक स्प्रिंग खाली पडली तर ती त्याने शोधलीही नाही, भिकाबाईनेच मुकाट्याने उचलून दिली. उस्ताद लोकांची ही ऐट असते.

घरी येऊन ताराला हे रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "काहून बरं, स्वतः नाही उचलली?" तिला कारागिरीतलं काही कळत नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी सुरू झाली. मला लिहितानासुद्धा काटा येतोय.

डिझेल गाडी किल्ली फिरवली की सुरू होत नाही. आधी एक मूठ ओढून धरायची, आतली तार तापते, समोर एक बारीकशी जाळी लाल होते, मग मूठ आणखी ओढायची. रतनसिंगने पहिल्यांदा ओढली तेव्हा काळा धूर निघाला. दुसऱ्यांदा पांढरा. तिसऱ्यांदा गाडी खोकली, थरथरली आणि टकटकटक असा आवाज काढत बोलायला लागली. ढाब्यावरची माणसं ताटावरून उठून आली. भिकाबाईने बॉनेटला हळदकुंकू लावलं.

वेग दाखवायला काटा नाही. थर्मामीटरसारखी उभी पट्टी आहे, वेग वाढला की ती वर चढते. मी शेजारी बसून होतो. पट्टी चाळीसवर गेली तेव्हा मी रतनसिंगला पुरे म्हणालो. इंजिन अजून कच्चं आहे.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

रतनसिंगने गाडी रंगवून दिली. दुधावरच्या सायीचा रंग. उजव्या बाजूला थोडा पिवळसर झाला आहे, पण तो उन्हाचा परिणाम असावा.

आमच्या गल्लीत ती शिरत नाही, म्हणून जिनिंगच्या आवारातच ठेवली. बघायला निम्मं गाव लोटलं. जिल्हा झाल्यापासून हिंगोलीत एवढी गर्दी झेंडावंदनाला झाली होती तेवढीच. पोरांनी तिला 'इमान', म्हणजे विमान, असं नाव ठेवून टाकलं. पंख कशाला, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. हायस्कूलच्या सरांना मी सांगितलं की वेगात गाडी वाऱ्याने हलू नये म्हणून. सोनाराला सांगितलं की तेव्हा रॉकेटचा जमाना होता. पाटबंधाऱ्याच्या साहेबांना दोन्ही सांगितलं. तारा शेजारीच उभी होती. घरी येताना तिने विचारलं की यातलं खरं कुठलं. मी म्हणालो, तिन्ही.

२७ फेब्रुवारी, रविवार

आज आवारात मी स्वतः गाडी चालवली. लायसन पंचाहत्तर सालचं आहे. तेव्हा काही चालवून दाखवावं लागत नसे, साहेब फक्त नाव विचारत.

गाडी चांगली चालली. वजनकाट्याचा ओटा थोडा मध्ये आला. बंपरला फारसं काही नाही. रतनसिंग बोटं फिरवून म्हणाला, निघून जाईल. क्लच नवीन असल्याने असं होतं. शिवाय या गाडीचा गिअर स्टेअरिंगजवळ आहे, जमिनीवर नाही, त्यामुळे माणूस गोंधळतो. शिवाय माझा गुडघा.

मी विचार केला, मोठे शेठ कधी स्वतः चालवत होते? मालक मागेच शोभतो. चालवायला रतनसिंग आहे. त्यालाही आवड आहे.

५ मार्च, रविवार

काल महाशिवरात्र. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गाडीने गेलो. माझे वडील तिथे देवळाच्या सेवेत होते. लहानपणी त्या रस्त्याने मी बैलगाडीत, मग एसटीत, आणि काल मर्सिडीजच्या मागच्या गादीवर बसून गेलो. हात बाहेर काढून दोन-तीन ओळखीच्यांना नमस्कार केला.

परतताना दिवस मावळत होता. मला गादीवर डुलकी लागली. एकदा गाडी खडखडली म्हणून जाग आली. रस्ता सोडून कडेच्या मुरमावर गेली होती आणि तारा, जी पुढे रतनसिंगच्या शेजारी बसली होती, तिने स्टेअरिंगला हात लावला होता. मी विचारलं, काय झालं. रतनसिंग म्हणाला, काही न्हाई, म्हैस आडवी आली. मला म्हैस दिसली नाही, पण मी झोपेत होतो.

उरलेल्या वाटेत दोघं हलक्या आवाजात बोलत होती. 'डावीकडे', 'आता पूल' असं काहीतरी. ताराला वाट दाखवायची सवय आहे, मलाही स्वयंपाकघरापर्यंत दाखवते. घरी आल्यावर गप्प होती. मी विचारलं, गाडी आवडली नाही का. म्हणाली, गाडी चांगली आहे.

१० मार्च, शुक्रवार

धंदा सुचला, म्हणजे डोक्यात होताच, ताराला मंगळवारीच बोललो होतो. लग्नाला भाड्याने. नवरदेवासाठी घोडा आणि जीप सगळेच आणतात. पंखवाली मर्सिडीज नांदेडलासुद्धा नसेल. रतनसिंगला नाक्यावर जाऊन विचारलं. तो जरा घुटमळला. म्हणाला, दिवसाची लग्नं घ्या मुनीमजी, दुपारची, मग मी नेतो. मी म्हणालो, ऊन लागेल. म्हणाला, ऊन चालते. प्रत्येक उस्तादाचा काही नेम असतो. मी हो म्हणालो.

येताना तहसीलजवळ तारा दिसली. म्हटलं, इकडे कुठे. म्हणाली, रेशन कार्डाचं काम होतं. तिथे आरटीओचा कॅम्प होता, गर्दी बरीच होती.

१९ मार्च, रविवार

पहिलं लग्न, आखाडा बाळापूर. दुपारी बाराचा मुहूर्त. पंखांना झेंडूच्या माळा बांधल्या. नवरदेव उतरायलाच तयार नव्हता, त्याला वाजंत्रीवाल्यांनी हाताला धरून काढलं. मी पुढच्या सीटवर फेटा बांधून बसलो होतो. लोकांना नवरदेवाचा काका वाटलो. जेवायला पहिल्या पंगतीत बसवलं.

आणखी दोन लग्नं ठरली. तारालाही उत्साह आला असावा. तिचं दुपारचं भजनी मंडळ आता आठवड्यातून एक दिवसाऐवजी चार दिवस बसतं. चांगलं आहे. माझी झोप निवांत होते.

२९ मार्च, बुधवार

काहीतरी गडबड आहे. आवारात गाडी पुसायला गेलो तर पुढची सीट अगदी पुढे सरकवलेली. रतनसिंग सहा फूट, तो इतका पुढे कसा बसेल? डिझेलही कमी झालेलं. मैदानात, जिथे पूर्वी कापूस वाळत पडायचा, तिथे चाकांच्या गोल गोल खुणा. दोन विटा उभ्या करून ठेवलेल्या, मध्ये गाडीएवढं अंतर.

राखणदार मोहनसिंगला विचारलं. तो म्हणाला, रतनसिंग दुपारी येतो, गाडी फिरवून जातो. नाक्याहून इथे, जीपला लटकून, फक्त गाडी फिरवायला?

रतनसिंगला विचारलं. म्हणाला, जुन्या गाडीला फिरवत राहावं लागते, न्हाईतर सांधे धरते. पटलं. पण सीटचं काय? म्हणाला, सीट आपोआप सरकते, खाच झिजली. ते दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. मनात शंका आहे की तो कुण्या ठेंगण्या माणसाला गाडी शिकवून माझ्या डिझेलवर क्लास चालवतोय. माझ्या विश्वासाचा असा फायदा घेणं बरं नाही. ताराला बोललो. ती म्हणाली, रतनसिंगभाऊ तसे नाहीत. तिचा माणसांवर फार लवकर विश्वास बसतो.

५ एप्रिल, बुधवार, पाडवा

गुढी उभारून नवं पंचांग वाचायला बसलो आणि घाम फुटला. एप्रिल सरताना गुरूचा अस्त, पाठोपाठ शुक्राचा. लग्नांचे मुहूर्त थेट पावसाळ्यात. म्हणजे धंद्याला अडीच-तीन आठवडेच उरले. मी पुजाऱ्याचा मुलगा, आणि धंदा काढताना पंचांग बघायला विसरलो. ही गोष्ट या वहीबाहेर जाणार नाही.

९ एप्रिल, रविवार

कुरुंद्याच्या निर्मलाबाई येऊन गेल्या. हळदीची मोठी शेती, नवरा नाही, सगळं स्वतः बघतात. एकुलत्या मुलीचं लग्न २१ तारखेला. म्हणाल्या, आमच्याकडे कुणी आलं की म्हणतं, बिनपुरुषाचं घर. जावई असा आला पाहिजे की वसमत तालुक्याने दहा वर्षं नाव काढावं. मुहूर्त गोरज, संध्याकाळी पावणेसातचा.

मी क्षणभर थांबलो, कारण रतनसिंगचा नेम. पण ही शेवटची मोठी तारीख. हो म्हणालो.

रतनसिंगला कळवलं. तो बराच वेळ इंजिनावर फडकं फिरवत राहिला. म्हणाला, बाईंना विचारलं का? मी म्हणालो, निर्मलाबाईंनीच तर बोलावलंय. तो म्हणाला, त्या न्हाई, आपल्या बाई. मी म्हणालो, धंद्यात मी ताराला विचारत नाही.

१६ एप्रिल, रविवार

तारा म्हणते तीही कुरुंद्याला येणार. निर्मलाबाईंनी आग्रह केलाय म्हणे. मला वाटतं तिला फेट्यातला मी बघायचाय.

२२ एप्रिल, शनिवार

काल जे घडलं ते आज सकाळी लिहितोय.

साडेपाचला कुरुंद्यात पोचलो. मारुतीच्या देवळातून नवरदेवाला घेतलं. मागे तो, त्याची करवली आणि मी. पुढे रतनसिंग आणि तारा. वाजंत्री पुढे, बायका मागे. देवळापासून मांडवापर्यंत एकच सरळ गल्ली आणि तिच्या तोंडाशी सूर्य थेट काचेवर आलेला. गल्लीच्या दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत घातलेली, मध्ये गाडीपुरतीच वाट.

रतनसिंगने गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. मान न वळवता बोलला.

"मुनीमजी, मले समोर सगळं पांढरं दिसून राहिलं. मी न्हाई नेत."

मला वाटलं, त्याला चक्कर आली. मी म्हणालो, मग आता काय करायचं. तो दार उघडून उतरला आणि म्हणाला, "बाई नेतील."

ताराने तिची पर्स मागे माझ्या मांडीवर ठेवली. पदर कमरेला खोचला. स्टेअरिंगमागे सरकली आणि सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. ते एका झटक्यात केलं, न बघता. तेव्हा मला ती सीट आठवली, विटा आठवल्या, भजनी मंडळ आठवलं. सगळं एकदम आठवलं. नवरदेव म्हणाला, काकू, तुम्ही? ती म्हणाली, "बसा बाळा. हळू नेते."

गाडी निघाली. माझा जीव मुठीत होता आणि त्या मुठीत ताराची पर्स होती. दोन्हीकडे हळद, बोटभर अंतर. निम्मी गल्ली गेली आणि वाजंत्री थांबली. पुढे वळणावर ट्रॅक्टरची ट्रॉली चाक निखळून आडवी पडली होती. तिला हलवायला तास लागणार. मुहूर्ताला वीस मिनिटं. नवरदेवाचे मामा म्हणाले, उतरून पायी चला. निर्मलाबाई मांडवातून धावत तिथे आल्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. पायी आलेला जावई त्यांना दहा वर्षं ऐकावा लागला असता.

रतनसिंग बाहेरून गाडीला हात लावून चालत होता. खिडकीशी वाकून म्हणाला, "मागं घ्या. विहिरीपासून दुसरी वाट हाय. पंख पाहा बाई, फक्त पंख."

"दिसतायत," तारा म्हणाली.

तिने मान वळवली. ती थेट माझ्या अंगावरून मागे बघत होती, पण मला बघत नव्हती. मीही वळून पाहिलं. मागच्या काचेतून गाडीचा मागचा भाग दिसत नाही, पण दोन्ही कोपऱ्यांना पंखांची टोकं दिसतात, एक इकडे, एक तिकडे. त्या दोन टोकांच्या मध्ये मागची अख्खी गल्ली मावली होती. दोन टोकं आणि हळदीच्या दोन कडा, एवढंच बघत ती गाडी मागे नेत गेली. बायका बाजूला होत गेल्या. बँडवाल्याला काय वाटलं कोण जाणे, तो गाडीच्या तोंडासमोर उभा राहून वाजवत आमच्यामागून, म्हणजे आमच्यापुढून, चालायला लागला. शंभर-सव्वाशे पावलं. एक हळकुंड चाकाखाली आलं नाही.

विहिरीपासून वळून सहा चाळीसला मांडवात पोचलो. लोक नवरदेवाला सोडून ताराभोवती जमले. निर्मलाबाईंनी आधी तिच्या पायावर पाणी घातलं, मग जावयाच्या. तारा लाजली आणि गाडीची किल्ली पदरात बांधून बायकांच्या पंगतीत जाऊन बसली.

मी फेटा बांधलेला होता. पर्स हातातच होती.

२३ एप्रिल, रविवार

ताराशी बोललो नाही. तिने दोनदा चहा केला. दोनदा प्यालो.

२४ एप्रिल, सोमवार

चौकात सगळे माझं अभिनंदन करतात. राखणदाराला माहीत होतं. भिकाबाईला माहीत होतं. भजनी मंडळातल्या रुक्माबाईंनासुद्धा माहीत होतं, त्या रोज हजेरी सांभाळत होत्या. एक मी सोडून. डिझेल माझं, गाडी माझी, बायको माझी. यात चूक कुणाची ते कुणीही सांगावं.

२६ एप्रिल, बुधवार

दुपारी तारा समोर येऊन बसली. म्हणाली, विचारायचं ते विचारा. मी विचारलं, मला न सांगता का शिकलीस.

तिने शिवरात्रीपासून सांगितलं. त्या संध्याकाळी म्हैस नव्हती. रतनसिंगला रस्ताच दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गेल्या दोन वर्षांपासून. दिवसा निभतं, दिवस उतरला की पडदा पडतो. समोरून ऊन आलं तरी तेच. औंढ्याहून हिंगोलीपर्यंत ती वळणं सांगत होती आणि तो चालवत होता. दुसऱ्या दिवशी ती एसटीने नाक्याला गेली. भिकाबाई तिच्यापुढे रडली. पान्यांचे नंबर तीच बघायची, बारीक नटबोल्ट तीच वेचायची. डॉक्टरकडे चला म्हटलं तर तो ऐकत नव्हता. त्याच्या मोठ्या भावाचा डोळा ऑपरेशनातच गेला होता. आणि नाक्यावर कळलं की रतनसिंगला दिसत नाही, तर पंप कोण आणणार त्याच्याकडे?

"तुम्ही लग्नं घ्यायला निघालात," तारा म्हणाली. "मागे कुणाची तरी लेकरं बसणार. मी भाऊंना म्हणाले, गाडी बंद करा, नाहीतर मला शिकवा. ते म्हणाले, शिकवतो. त्यांना कानाने सगळं कळतं. मी गिअर चुकले की दोनशे पावलांवरून ओरडायचे."

"मला सांगायचं."

"तुम्हाला सकाळी सांगितलं असतं तर संध्याकाळी चौकात गेलं असतं."

मी नाकारणार होतो, पण रॉकेट आठवलं. मग विचारलं, तो पंखांचा काय प्रकार. ती म्हणाली, गाडी मागे घेताना ती कुठे संपते ते चालवणाऱ्याला दिसावं म्हणून आहेत. पहिल्याच दिवशी रतनसिंगने तिला सीटवर बसवून मान वळवायला सांगितलं होतं.

बरोबर असेल. मी कधी त्या सीटवरून मागे बघितलंच नव्हतं.

मग मी एक लिहून टाकतो. मी झोपलो होतो त्या गाडीत माझी बायको होती आणि चालवणाऱ्याला दिसत नव्हतं. त्याचे हात, त्याचं वास घेणं, ती पडलेली स्प्रिंग, सगळं मी या वहीत कौतुकाने लिहून ठेवलंय. आज मागची पानं वाचली आणि बसून राहिलो.

२८ एप्रिल, शुक्रवार

नाक्याला गेलो. रतनसिंग नजर टाळत होता, म्हणजे तसं वाटलं. मी म्हणालो, ऑपरेशन करून घे. तो म्हणाला, इंजन असतं तर उघडलं असतं मुनीमजी, डोळा उघडायला भ्या वाटते. मी त्याला सांगितलं की मोठ्या शेठजींचे दोन्ही डोळे याच ऑपरेशनने बरे झाले होते आणि ते नव्वदीपर्यंत खातेवही चष्म्याशिवाय वाचत. हे खरं नाही, शेठजी बासष्टाव्या वर्षी गेले. पण भिकाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी दोन उदाहरणं जोडली.

तो हो म्हणाला. आधी एकच डोळा.

९ मे, मंगळवार

वाशीमला ऑपरेशन झालं. तारा आणि भिकाबाई तिथे होत्या. मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि आलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं की उस्ताद कामानिमित्त बाहेरगावी गेलेत, आठ दिवसांनी या. ट्रकवाले म्हणाले, ठीक, थांबतो. एकही दुसरीकडे गेला नाही. एकाने तर विचारलं, डोळ्याचं करायला गेला का एकदाचा? म्हणजे नाक्यालाही माहीतच होतं.

१५ मे, सोमवार

आज रतनसिंगला आणायला गाडीने गेलो. तारा चालवत होती, मी शेजारी. तो काळा चष्मा लावून बाहेर आला, गाडीसमोर थांबला, चष्मा वर केला आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, हा रंग मी लावला? उजवीकडं तर पिवळा झाला. भिकाबाई म्हणाली, तवाच सांगितलं असतं तर तुमी मानलं असतं का.

कनेरगावच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. ताराने गाडी कडेला घेतली आणि मला म्हणाली, तुम्ही घ्या थोडी. गाडी तुमची आहे, कधी चालवणार?

मी गुडघ्याचं सांगायला तोंड उघडलं. तिघंही माझ्याकडे बघत होती, आता तिघांनाही नीट दिसत होतं. मी म्हणालो, "मला भीती वाटते, तारा. पहिल्या दिवसापासून."

कुणी हसलं नाही. मागून रतनसिंग बोलला.

"मग हे सांगायचं न्हाई का? मी दिसत न्हाई ते लपवून राहिलो, तुमी भ्या लपवून राहिले. दोघं बाप्ये गाडीत बसून, अन् वाट पाहणारी एकटी बाई."

ताराने गिअर टाकला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खरं सांगायचं तर मला गाडी चालवायची कधी नव्हतीच. मला गाडीतून जाताना दिसायचं होतं. हे कळायला चौपन्न वर्षं लागली, पण कळल्यावर एकदम हलकं वाटलं. पुढच्या गावात मी भिकाबाईला पुढे बसवलं आणि मागे रतनसिंगशेजारी जाऊन बसलो. ती आयुष्यात कुठल्या मोटारीत पुढे बसली नव्हती. नाका येईपर्यंत तिने समोरची काच सोडून कुठे पाहिलं नाही.

१८ मे, गुरुवार

उद्या परत आरटीओचा कॅम्प. ताराची पक्क्या लायसनची परीक्षा. शिकाऊ लायसन तिने मार्चमध्येच काढलं होतं, ते रेशनचं काम हेच. त्या फॉर्मवर सगळं वाकडंतिकडं लिहिलंय. या वेळचा फॉर्म मी भरायला घेतला. कागदपत्रांत या जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

नाव, वय, पत्ता, रक्तगट. व्यवसायाच्या रकान्याशी थांबलो आणि तिला विचारलं, काय लिहू. ती कणीक मळत होती. आतूनच म्हणाली, "नेहमीचंच, गृहिणी."

मी 'ड्रायव्हर' लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, घडी केली आणि तिच्या पर्समध्ये ठेवली.